घराचे छप्पर आणि आपण

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात झालेले भाषण)



वर्धापनदिनी कशावर बोलणार म्हणून चिटणीसबाईंनी विचारले तेव्हा मी "छप्पर" असे सांगितले. त्यांनी वहीत लिहून घेतले आणि मग जरा थांबून म्हणाल्या, "म्हणजे नक्की कशाचे?" त्यांचा प्रश्न रास्त होता. आपल्या या मंडळात आहारावर भाषणे झाली, बालसंगोपनावर झाली, बचतीवर झाली, कीर्तने तर पुष्कळच झाली. घराच्या छपरावर बोलायला मात्र आजवर कुणी उभी राहिली नाही. छप्पर हे पुरुषांच्या कामात मोडते, असे आपण धरून चालतो. शिडी पुरुष लावतो, वर तो चढतो, कौले तो परततो, हे सगळे खरे. परंतु त्या छपराखाली बारा महिने राहते कोण? आषाढातल्या रात्री अंथरुणावर थेंब पडला की उठून पहिले पातेले कोण मांडते? माजघराच्या कोणत्या वाशाला कधीपासून ओल आहे, हे मुंबईहून येणाऱ्या मुलाला ठाऊक असते की आपल्याला?

आपल्या किनाऱ्यावरच्या घरांची रीत आपणांस सांगायला नको. कर्ता माणूस मुंबईला, नाहीतर पुण्याला, एखादा आखातात. ही मंडळी गावी येतात ती शिमग्याला आणि गणपतीला. शिमग्याला छप्पर कोरडे खडखडीत असते, त्यामुळे सगळे ठीक आहे असे वाटते. गणपतीला ते चिंब ओले आणि शेवाळलेले असते, त्यामुळे दोष दिसला तरी हात लावता येत नाही. मे महिन्यात पोरे आंब्याला येतात खरी, पण तोवर गावातले सगळे गडी दुसऱ्यांच्या घरांवर चढलेले असतात. म्हणजे छपराची पाहणी ज्या दिवसांत व्हायला हवी त्या चैत्र-वैशाखाच्या सुरुवातीला घरात आपणच असतो. म्हणून हे काम आपले, एवढेच मला सुरुवातीला सांगायचे आहे.

आपली हवा छपराची किती परीक्षा पाहते ते थोडे आकड्यांत सांगते. रत्नागिरीच्या आसपास वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. या हिशेबाने हजार चौरस फुटांच्या छपरावर एका पावसाळ्यात सुमारे पावणेतीन लाख लिटर पाणी पडते. एवढे पाणी माथ्यावरून घेऊन ते पागोळ्यांवाटे अंगणात सोडून द्यायचे, आणि घरात एक थेंब येऊ द्यायचा नाही, हे छपराचे काम. वर समुद्राचा खारा वारा, जो खिळा, तार, पत्रा काही शिल्लक ठेवत नाही. आणि एप्रिल-मे महिन्यांत असे ऊन, की दुपारी कौलाला हात लावला तर चटका बसतो.

पूर्वी आपल्याकडे नळ्यांची घरे होती. कुंभाराने चाकावर केलेले अर्धगोल नळे, एक उताणा आणि एक पालथा, असे घालायचे. वारा, उंदीर, मांजर, वानर कशानेही ते सरकत. म्हणून दर वर्षी आगोटीपूर्वी सबंध घर परतावे लागे. कटकट फार, पण एक फायदा होता. वर्षातून एकदा घराचा प्रत्येक वासा आणि प्रत्येक रीप उघडी पडे, माणसाच्या डोळ्यांखालून जाई, कुजलेले असेल ते तिथल्या तिथे बदलले जाई. पुढे मंगळुरी कौल आले. बाझेल मिशनच्या लोकांनी १८६५ साली मंगळूरला कौलांचा कारखाना काढला आणि तिथून हे खाचा असलेले, एकमेकांत अडकणारे चपटे कौल पश्चिम किनाऱ्यावर सगळीकडे पसरले. ते सहजी सरकत नाही, म्हणून दर वर्षी परतायची गरज उरली नाही. सोय झाली, पण त्याबरोबर दर वर्षीची पाहणीही गेली. आज पुष्कळ घरांत दहा-दहा वर्षे आढ्याकडे कुणी मान वर करून पाहिलेले नसते.

दुसरी सोय गॅसची. चुलीच्या धुराने डोळे गेले, खोकला लागला, तेव्हा चूल गेली ते उत्तमच झाले आणि मला ती परत नको. परंतु तोच धूर माळ्यावरून फिरून कौलांच्या फटींतून बाहेर पडे आणि वासे काळेकुट्ट करून टाकी. त्या काजळीने लाकूड कोरडे राही, भुंगा आणि वाळवी लवकर शिरत नसे. आता स्वयंपाकघरावरचे वासे पांढरे स्वच्छ दिसतात, आणि कीडही त्यांत निर्धास्त राहते. तेव्हा धूर जे काम करत होता ते आता आपल्या डोळ्यांनी करायला हवे.

पाहणी कशी करायची? वर चढायचे नाही, हे पहिले. पहाण्यासारखे जे असते त्यातले बारा आणे आतून दिसते.

फाल्गुन सरला की एखाद्या दिवशी भर दुपारी, ऊन डोक्यावर असताना, खोलीची दारे-खिडक्या लावून घ्या आणि काळोखात दोन मिनिटे डोळे स्थिर होऊ द्या. मग वर पाहा. मंगळुरी कौलाच्या सांध्यांतून उजेडाची बारीक रेघ थोडीफार दिसतेच. तिला घाबरू नये, छप्पर त्या फटींतून श्वास घेते. पण जिथे उजेडाचा ठिपका दिसतो, किंवा जमिनीवर वाटोळा कवडसा पडतो, तिथे कौल फुटलेले आहे नाहीतर सरकलेले आहे. कवडसा उन्हाबरोबर सरकत जातो, म्हणून जमिनीवरची जागा टिपून उपयोग नाही. वरची जागा टिपावी. त्यासाठी एक सोपी पद्धत आहे. दारापासून वासे मोजायचे आणि वळचणीपासून रिपा मोजायच्या. "माजघर, तिसरा वासा, खालून पाचवी रीप" असे वहीत लिहिले की गड्याला वर चढून शोधावे लागत नाही. पूर्वी मी नुसते "इथे कुठेतरी" असे सांगत असे आणि त्यावर गड्याची जी मुद्रा होत असे ती मला अजून आठवते.

कवडसे टिपून झाले की लाकूड पाहायचे. एक दाभण घ्या आणि जिथे वासा भिंतीवर टेकतो तिथे टोचून पाहा. चांगल्या लाकडात दाभण टोकापुरतीच जाते. कुजलेल्या लाकडात लोण्यात जावी तशी जाते. वाशाचे मध्य क्वचितच कुजते. कुजते ते टोक, कारण भिंतीची ओल आणि वळचणीचे पाणी दोन्ही तिथे पोचते. न्हाणीघरावरचे आणि स्वयंपाकघरावरचे वासे वाफेमुळे आधी खराब होतात, तिथे दाभण दोनदा टोचा. मग कोयत्याच्या मुठीने ठोकून आवाज ऐका. ऐन किंवा किंजळीचा धड वासा खणखणीत बोलतो, पोखरलेला बद्द वाजतो. खाली जमिनीवर कणकेसारखा बारीक भुसा रोज पडत असेल तर वर भुंगा आहे. भिंतीवरून मातीची बारीक नळी वर चढत गेलेली दिसली तर ती वाळवीची वाट. ती केरसुणीने पुसून टाकून आपण मोकळे होतो, पण पुसल्याने वाळवी जात नाही. ती कुठवर गेली आहे ते पाहायचे आणि जाणकाराकडून मुळाशी औषध घालून घ्यायचे.

माळ्यावर चढायचे असेल तर पायात काहीतरी घाला आणि बरोबर बॅटरी ठेवा. कौलांखाली विंचू असतो, कधी सापही असतो. घाबरवण्यासाठी सांगत नाही. रिकाम्या हाताने काळोखात चाचपू नये म्हणून सांगते.

बाहेरची पाहणी अंगणात उभे राहून होते. घरापासून दहा-पंधरा पावले मागे जा आणि आढ्याची रेघ पाहा. ती सरळ असायला हवी. मध्ये झोळ पडला असेल तर कौले बदलून काही होणार नाही. खाली तुळई किंवा वासे वाकले आहेत आणि तिथे सुतारच हवा. मग पाख्यावर नजर फिरवा. एखादी ओळ वाकडी दिसते, एखादे कौल खाली घसरून लोंबते. आढ्यावरचे कोने पाहा, म्हणजे ती वाटोळी कौले, जी चुन्यात किंवा सिमेंटमध्ये बसवतात. उन्हाने त्यांचे सांधे तडकतात, आणि आढ्यावरची एक भेग खालच्या दहा कौलांइतके पाणी आत घेते. दोन पाखी जिथे मिळतात तिथली पत्र्याची पन्हळ तर सगळ्यांत वाईट जागा. आंब्याफणसाची पाने तिच्यात साठतात, कुजतात, पाणी तुंबते आणि कौलांखालून घरात उलटते. ती दिसत नसेल तर नातवाकडून मोबाईल काठीला बांधून फोटो काढून घ्या. आमच्याकडे हे काम पोरे फार आवडीने करतात. तेच फोटो जपूनही ठेवावेत, कारण वादळात नुकसान झाले तर पंचनाम्याच्या वेळी आधी छप्पर कसे होते ते दाखवता येते.

काचेचे कौल जिथे घातले असेल तिथेही नीट पाहा. त्याची खाच शेजारच्या मातीच्या कौलाशी पुष्कळदा तंतोतंत जुळत नाही. घरावर वाकलेली फांदी, सुकलेली झावळ, पिकायला आलेला फणस, हे सगळे मृगापूर्वी उतरवून घ्यावे. वानरांविषयी मी काही बोलत नाही. त्यांच्यावर उपाय सांगणारी बाई मला अजून भेटलेली नाही.

आता दुरुस्ती. नवी कौले घेताना ती वाजवून घ्यावीत हे आपण मडके घेताना करतोच. आणखी एक परीक्षा घरच्या तराजूवर होते. कोरडे कौल तोलायचे, एक दिवस-रात्र पाण्यात बुडवून ठेवायचे, वरचे पाणी पुसून पुन्हा तोलायचे. भारतीय मानकांप्रमाणे चांगल्या कौलाने आपल्या वजनाच्या साधारण पाचव्या हिश्श्याहून अधिक पाणी पिऊ नये. म्हणजे अडीच किलोचे कौल भिजून तीन किलोच्या वर जाता कामा नये. शंभर चौरस फुटांना सव्वाशे ते दीडशे कौले लागतात. हजार चौरस फुटांच्या छपरावर कोरडीच तीन-साडेतीन टन कौले असतात, आणि ती भिजली की त्यांत आणखी पाचसहाशे किलोंची भर पडू शकते. श्रावणात घर रात्री कुरकुरते ते उगाच नाही. कुजकट वाशांवर अधिक पाणी पिणारे हलके कौल चढवणे म्हणजे काय ते यावरून कळेल.

कौले परतायला गडी लावताना रोजावर लावावेत की उक्ते द्यावे, यावर घरोघरी वाद आहेत. उक्ते दिले तर घाई होते, रोजावर दिले तर रेंगाळणे होते. माझे मत असे, की साधी परतणी उक्ती द्यावी, पण वासे आणि कोने यांचे काम रोजावरच असावे, कारण ते घाईत बिघडते. कसेही द्या, एक अट घालून द्या. कौले उतरवल्यावर आणि पुन्हा चढवण्यापूर्वी अर्धा तास काम थांबेल, आणि तेवढ्यात घरातली बाई उघडे पडलेले वासे पाहील. गडी हसतात. हसू द्यावे. चहा त्याच वेळी दिला की अर्धा तास सहज निघतो. शेवाळ काढायचे ते काथ्याच्या कुंच्याने आणि पाण्याने. लोखंडी खुरप्याने खरवडले तर कौलाचा कठीण वरचा थर निघतो आणि पुढच्या वर्षी दुप्पट शेवाळ धरते. आणि वर फिरणाऱ्याने पाख्यावर फळी किंवा शिडी आडवी टाकून तिच्यावरून चालावे. ओल्या कौलावर तर कुणीच चढू नये, मग घरात कितीही गळो. भांडी मांडता येतात, मोडलेली कंबर लवकर जुळत नाही.

आता वाऱ्याविषयी, आणि इथे मला जरा थांबून बोलायचे आहे. ३ जून २०२० हा दिवस आपल्यापैकी कुणी विसरणार नाही. टाळेबंदीचे दिवस, मृगाला चार-पाच दिवस अवकाश, आणि दुपारी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनच्या बाजूने किनाऱ्यावर आले. ताशी शंभर किलोमीटरहून अधिक वेगाचा वारा. श्रीवर्धन, म्हसळा, मंडणगड, दापोली या भागांत नारळी-पोफळीच्या बागा झोपल्या आणि घरांवर कौल राहिले नाही. पुढच्याच वर्षी, २०२१ च्या मे महिन्यात, तौक्ते वादळ किनाऱ्याला घासून वर गेले. वादळे आपल्याकडे कधीतरीच येतात असे आता धरून चालता येत नाही. अरबी समुद्र तापतो आहे आणि तिथली वादळे पूर्वीपेक्षा अधिक जोराची होत आहेत, असे हवामानाचे अभ्यासक सांगत आहेत.

त्या वेळी पडझड झालेली घरे ज्यांनी नीट पाहिली असतील त्यांच्या लक्षात आले असेल, की पुष्कळ ठिकाणी मधली कौले जागेवर होती आणि कडेची, कोपऱ्यांतली व आढ्यालगतची आधी गेली होती. वारा छपराला ढकलून पाडतो अशी आपली कल्पना असते. पुष्कळदा तो छप्पर वर उचलतो. आढ्यावरून वेगाने जाणारा वारा कौलांना वरच्या बाजूला ओढतो, आणि हे ओढणे कडांवर आणि आढ्यापाशी सर्वांत जास्त असते. त्यातच वाऱ्याच्या बाजूचे दार उघडे राहिले किंवा फुटले तर आत शिरलेला वारा खालून फुगवतो. वरून ओढणे आणि खालून ढकलणे, यांत तीन किलोच्या कौलाचा काय पाड! म्हणून वादळाची सूचना आली की वाऱ्याच्या बाजूची दारे-खिडक्या अडसर घालून बंद करावीत. पूर्वीच्या बायका झड आली की पडवीला झाप लावून घेत. तो झाप पाण्यासाठी होता तसा वाऱ्यासाठीही होता.

दुसरा उपाय स्वस्त आहे आणि तो फार थोडे करतात. मंगळुरी कौलाच्या पाठीवर एक लहानसा कान असतो आणि त्याला भोक असते. पुष्कळ जणींना ते भोक कशाला ते ठाऊक नसते. ते तारेसाठी आहे. त्यातून तार ओवून कौल रिपेला बांधता येते. सबंध घर बांधायची जरूर नाही. वळचणीच्या खालच्या दोन ओळी, दोन्ही कडा आणि आढ्याजवळची ओळ एवढी बांधली तरी पुष्कळ झाले. तार साधी लोखंडी नको, खाऱ्या हवेत ती दोन वर्षांत तुटते. जस्ताचा मुलामा दिलेली घ्यावी. आणि वासा तुळईला नुसता टेकलेला आहे की खिळ्याने, पट्टीने धरलेला आहे, हेही त्याच वेळी पाहून घ्यावे. कौल बांधले आणि वासा सुटा राहिला तर बांधलेल्या कौलांसकट वासा जाईल.

निसर्गनंतर कौले मिळेनात, गडी मिळेनात, म्हणून पुष्कळांनी पत्रे घातले. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही, डोक्यावर काहीतरी हवेच होते. पत्र्याला निगा कमी असे मात्र समजू नये. त्याचे स्क्रू पन्हळीच्या उंचवट्यावर हवेत, खोलगट भागात नकोत. स्क्रूखालची रबराची चकती उन्हाने चार-सहा वर्षांत फुटते, ती बदलावी. भोकाभोवती तांबूस गंज दिसला की लगेच रंग द्यावा. कौल उडाले तर एकटे उडते, पत्रा सबंध उडतो आणि कुणाच्या मानेवर बसेल ते सांगता येत नाही. सिमेंटचे जुने पत्रे असतील तर त्यांच्यावर पाय देऊ नये, ते न सांगता फुटतात. आणि ते कोरडे कापू, घासू वा फोडू नयेत, कारण त्यांत बहुधा ॲसबेस्टॉसचे तंतू असतात आणि ती धूळ फुप्फुसांना घातक आहे. स्लॅबवाल्या भगिनींनी पाणी जायची भोके मोकळी ठेवावीत, आणि छताचा गिलावा फुगून आतली सळई गंजलेली दिसली तर वर फक्त डांबर फासून समाधान मानू नये. एवढे त्यांना पुरे. त्यांच्यासाठी पुढच्या वर्षी कुणी इंजिनिअर बोलवावा.

भर पावसात गळू लागले तर काय करावे? प्रथम विजेचा विचार. पाणी तारांवरून, बटणांवरून किंवा पंख्यावरून उतरत असेल तर कोरड्या हाताने मेन स्विच बंद करावा आणि वायरमन येईपर्यंत काळोखात बसावे. त्यानंतर गळती शोधायची. जिथे थेंब पडतो तिथेच वर भोक असेल असे नाही. पाणी कौलाच्या पोटाखालून रिपेवर येते, रिपेवरून वाशावर, आणि वाशावरून दोन-चार हात खाली येऊन मग टपकते. म्हणून थेंबापासून चढाच्या दिशेने ओल शोधत जा आणि जिथे ती सुरू होते तिथे वाशावर कोळशाने खूण करा. कौल नुसते सरकले असेल तर माळ्यावरून काठीच्या टोकाने ते वर ढकलता येते. फुटले असेल तर वरच्या ओळीचे कौल आतूनच जरा उचलून, फुटक्या कौलाखाली तेलाच्या डब्याचा सपाट केलेला पत्रा किंवा पोफळीची विरी सरकवावी. एवढ्याने पावसाळा निघतो. सबंध छपरावर निळे प्लास्टिक आवळून टाकणे मला पसंत नाही. पहिल्या वाऱ्याला ते फडफडून कौले हलवते, आणि खाली वाशांना वारा न मिळाल्याने जी ओल धरते ती पुढच्या वर्षी वसूल होते.

भगिनींनो, आता मी जे बोलणार आहे ते काहींना रुचणार नाही, पण त्याच्यासाठीच मी हा विषय घेतला.

आपल्या गावांत जी घरे पडतात त्यांतली सगळी वादळाने पडत नाहीत. सामायिक म्हणूनही पुष्कळ पडतात. माझ्या पाहण्यातले एक घर सांगते. नाव-गाव सांगत नाही. नऊ खणांचे घर, जांभ्याचा चौथरा, वर मातीच्या भिंती. पाच भावांचे हिस्से, पुढे त्यांच्या मुलांचे. घरात राहत होत्या एकट्या मधल्या भावाच्या विधवा काकू. एका पावसाळ्यात आढ्यावरचे दोन कोने सरकले. काकूंनी मुंबईला निरोप धाडला. थोरल्यांकडून उत्तर आले, सगळे देतील तेव्हा मी देईन. धाकट्यांनी विचारले, मी खर्च केला तर तो माझ्या हिश्श्यात धरणार का? एकाने कळवले, वाटप झाल्याशिवाय घराला हात लावू नये. काकूंच्या गाठी दोन कोन्यांपुरते पैसे होते, गडीही दारात उभा होता. पण "त्यांना विचारल्याशिवाय मी कशी लावू?" असे त्या म्हणाल्या आणि गडी परत गेला. दुसऱ्या वर्षी त्याखालचे तीन वासे कुजले. तिसऱ्या वर्षी पडवी बसली आणि भिंतीच्या माथ्यावर पाणी पडू लागले. मातीच्या भिंतीवरचे छप्पर गेले की ती दोन पावसाळे काढत नाही. आज त्या काकू मागच्या पडवीत एका खोलीत राहतात, आणि पुढे जिथे ओटी होती तिथे रानतुळस उगवली आहे. हिस्से मात्र पाचही शाबूत आहेत, सातबारावर.

दोन कोने आणि अर्ध्या दिवसाचा रोज, एवढ्याने ते घर उभे राहिले असते. वाटप व्हायचे तेव्हा होईल, त्याला वीस वर्षे लागोत. छपराला वीस वर्षे थांबायची सवय नसते. म्हणून माझे म्हणणे असे, की सामायिक घरात जी बाई राहते तिने शिमग्याला सगळे जमलेले असताना एक साधा कागद करून घ्यावा. त्यावर इतकेच लिहायचे, की दर वर्षी पावसाळ्यापूर्वीच्या डागडुजीला अमुक रकमेपर्यंत घरात राहणाऱ्या व्यक्तीने कुणाला न विचारता खर्च करावा, त्याचा हिशेब ठेवावा, आणि या दुरुस्तीमुळे कुणाचाही हिस्सा कमी वा जास्त होणार नाही. सगळ्यांच्या सह्या घ्याव्यात. शिमग्याला पालखी दारात आलेली असताना सही नाकारणारा माणूस मी तरी पाहिलेला नाही. ज्यांच्या घरी हे भांडण नाही, पण घरधनी दूर आहे, त्यांनीही फोनवर "करू का?" असे विचारण्याऐवजी "इतके वासे खराब आहेत, अमक्या दिवशी गडी येतो आहे" असे कळवावे. दोन्ही बोलण्यांत काय फरक पडतो ते एकदा करून पाहा.

मंडळाकडेही माझे एक मागणे आहे. कौले परतणारी जाणती माणसे आता थोडी उरली आहेत, आणि एकेका घरासाठी ती येत नाहीत. मंडळाने वाडीतल्या सगळ्या घरांची यादी करून एकाच टोळीला सलग आठ-दहा दिवस बोलवावे, म्हणजे तिलाही काम पुरते आणि आपलाही दर पडतो. जुन्या मोडलेल्या घरांची धड कौले विकत घेऊन शंभर-दोनशे मंडळाच्या खोलीमागे रचून ठेवावीत, म्हणजे भर आषाढात कुणाला चार कौले लागली तर शोधत फिरायला नको. आणि ज्या म्हाताऱ्या बायका एकट्या राहतात त्यांच्या घरांची पाहणी आपल्यातल्या दोघी-दोघींनी जाऊन करावी. दाभण, बॅटरी आणि वही एवढ्या सामानावर हे होते.

अध्यक्षबाईंनी या गोष्टीला होकार दिला आहे, म्हणून यादीची वही आज इथे दाराशी ठेवली आहे. आपले नाव, घराचे खण, कौल की पत्रा, आणि गेल्या पावसात कुठे गळले, एवढे लिहून जावे. गुढीपाडव्यानंतरच्या पहिल्या सोमवारपासून आपण खालच्या वाडीतून सुरुवात करू. मंडळासाठी घेतलेली मोठी शिडी सध्या आमच्या पडवीत आहे. ज्यांना लागेल त्यांनी आदल्या दिवशी निरोप धाडावा आणि न्यायला दोन माणसे पाठवावीत, ती फार जड आहे.